भाड्याच्या खोलीत औषध टाकताय? आधी शेजारच्या खोलीला आणि दावणीला सांगा

म्हसवड (ता. माण) : खोली भाड्याने देताना ॲडव्हान्स किती, लाईट बिल कोण भरणार, पाणी कधी येतं हे सगळं ठरतं. उंदीर झाले तर औषध कोण टाकणार, कुठलं टाकणार आणि टाकायच्या आधी कुणाला सांगणार, हे मात्र कुणीच ठरवत नाही. मग एक दिवस मालक भिंतीच्या कडेने पिठाच्या गोळ्या टाकून जातो. रात्री भाडेकरूचं मांजर तडफडून मरतं. सकाळी दारात भांडण सुरू होतं. भाडं अडतं, लाईट तोडली जाते, खोली खाली करा म्हणून निरोप येतो आणि दोन घरं कायमची तुटतात.

माणदेशात भाडेकरूचं जनावर म्हणजे फक्त हौसेचं कुत्रं नसतं. पोरं शिकवायला गावातून म्हसवडला किंवा दहिवडीला आलेलं कुटुंब दोन शेळ्या आणि चार कोंबड्या सोबत घेऊनच येतं. गाभण शेळी मेली तर त्या घराचा मोठाच तोटा होतो. आणि जे औषध शेळीला मारतं, ते रांगणाऱ्या बाळालाही मारू शकतं. म्हणून ही गोष्ट भांडण होण्याआधी समजून घेतलेली बरी.

एक उदाहरण धरू

समजा, जुन्या दगडमातीच्या घराच्या तीन खोल्या आहेत. मधल्या खोलीत मालकाची ज्वारी आणि बाजरी भरलेली आहे. उजवीकडे नोकरीनिमित्त आलेलं एक कुटुंब राहतं, त्यांच्याकडे मांजर आहे. डावीकडे मजुरी करणारं कुटुंब आहे, त्यांच्या दोन शेळ्या अंगणात बांधलेल्या असतात. भिंतीला घुशींची बिळं, वर माळवद, आणि तिन्ही खोल्यांना मिळून एकच अंगण.

धान्याला सोंडे लागले म्हणून मालक मधल्या खोलीत गोळ्या ठेवतो. उंदरांसाठी अंगणाच्या कडेने विषारी पीठ टाकतो. वाळवीसाठी कपाशीवरचं उरलेलं औषध पंपाने मारतो. त्याच्या डोक्यात एवढंच असतं, की घर आपलं, धान्य आपलं, औषधही आपल्याच पैशाचं. पण गोळीचा वायू बिळातून शेजारच्या खोलीत जातो, पीठ शेळी चाटते आणि फवारलेल्या फरशीवरून चाललेलं मांजर आपले पंजे चाटतं. हे उदाहरण पुढे सगळीकडे उपयोगी पडेल.

धान्यातली गोळी : सगळ्यात घातक

धान्याला लावायची गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला दमटपणा लागला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू सुटतो. तो हवेपेक्षा थोडा जड असतो आणि फटीतून, बिळातून, दाराखालून पलीकडे जातो. मातीच्या जुन्या भिंतीला तर त्याला जायला वाटाच वाटा असतात.

लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास आला तर वायू आहे हे कळतं. पण वास नाही म्हणजे वायू नाही, असं धरून चालू नका. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो. मळमळ, उलटी, डोकेदुखी, छातीत दडपण, धाप लागणं ही लक्षणं. लहान मुलं, पाखरं आणि छोटी जनावरं आधी सापडतात. या विषावर उतारा म्हणून देता येईल असं कुठलंही औषध नाही. दवाखान्यात श्वास आणि रक्तदाब सांभाळत उपचार करावे लागतात.

म्हणूनच सरकारने या गोळीवर निर्बंध घातलेले आहेत. गोळीचा वापर सरकारी यंत्रणा आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांनी, तोही मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचा असतो. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. तरी खेड्यापाड्यात धान्याच्या कणगीत चिंधीत बांधून गोळी ठेवायची पद्धत चालूच आहे. ज्या घराच्या भिंतीपलीकडे माणसं झोपतात, तिथे ही गोळी ठेवूच नये. माहीत असलेले घरगुती मार्ग वापरावेत. धान्य कडक उन्हात चांगलं वाळवावं, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत किंवा हवाबंद पिशवीत भरावं, भिंतीपासून लांब फळीवर ठेवावं.

२०२० च्या फेब्रुवारीत पुण्यात बिबवेवाडी भागात घरात पेस्ट कंट्रोल करून घेतल्यानंतर एका दांपत्याचा मृत्यू झाला होता. शहरात, पैसे देऊन माणूस बोलावल्यावरही असं घडू शकतं. मग कणगीत कुणालाही न सांगता ठेवलेल्या गोळीचं काय होईल, याचा विचार करावा.

उंदराचं औषध दोन तऱ्हेचं

पहिलं म्हणजे झिंक फॉस्फाइड, काळपट राखाडी पावडर. ती पिठात, भज्यात किंवा भरड्यात मिसळून टाकतात. पोटात गेली की तिथल्या आम्लाने हिच्यातूनही फॉस्फिनच निघतो. काम झटपट होतं, त्यामुळे लोकांना ती आवडते. पण तेल लावलेलं पीठ उंदराइतकंच कुत्र्याला, मांजराला, कोंबडीला आणि शेळीलाही गोड लागतं. जनावर काही तासांत गंभीर होतं. त्याला उलटी झाली तर त्या उलटीतूनही वायू येतो. म्हणून असं जनावर बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत ठेवू नये. मोकळ्या हवेत धरावं, तोंडाजवळ तोंड नेऊ नये.

दुसरं म्हणजे ब्रोमाडायोलोनच्या तयार वड्या. या वडीने रक्त गोठायचं थांबतं. जनावर लगेच मरत नाही. तीन ते पाच दिवसांनी सुस्त होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शेणातून रक्त जातं. तोवर औषध टाकल्याचं सगळे विसरलेले असतात आणि काहीतरी रोग झाला असं समजून वेळ जातो. यावर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार आहे आणि वेळेत सुरू झाला तर जनावर वाचू शकतं. पण डॉक्टरला वडीचं नाव सांगता आलं पाहिजे. वडी खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरालाही बाधा होऊ शकते. म्हणून मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत.

वड्या टाकायच्याच असतील तर उघड्यावर टाकू नयेत. कुलपाची पेटी मिळते, नाहीतर दोन-अडीच इंची पाइपचा लांब तुकडा भिंतीला बांधून त्याच्या मधोमध वडी ठेवावी. उंदीर आत शिरतो, कुत्र्याचं तोंड पोचत नाही. त्याआधी पिंजरा लावून बघावा आणि बिळं काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवावीत. बिळं तशीच ठेवून औषध टाकलं तर दोन महिन्यांत नवे उंदीर हजर होतात.

शेतातलं औषध घरात नको

झुरळ, मुंग्या, ढेकूण, पिसवा, गोचीड यांच्यासाठी बहुतेक घरांत शेतातल्या औषधाचाच उरलेला डबा बाहेर निघतो. हे चुकीचं आहे. डब्यावर ज्या पिकासाठी आणि ज्या किडीसाठी लिहिलंय तेवढ्यालाच ते औषध आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. ते मोकळ्या रानात फवारत होते. दहा बाय बाराच्या खोलीत तर हवाही खेळत नाही.

डब्यावरचा रंगीत चौकोन आधी बघावा. त्यात खालच्या बाजूला रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्यावर कवटी आणि हाडांचं चित्र असतं. त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नाही.

काही औषधांवर तर बंदीच आहे. घरात माश्या-झुरळांवर मारलं जाणारं डायक्लोरव्हॉस आणि साप-मुंग्यांसाठी कोपऱ्यात टाकलं जाणारं फोरेट, ज्याला लोक थिमेट म्हणतात, या दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. जुना साठा कुणाच्या घरात पडून असेल तर तो भाडेकरूच्या खोलीत वापरणं म्हणजे सरळ संकट ओढवून घेणं.

पेस्ट कंट्रोलवाले वापरतात त्या सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन जातीच्या औषधांनी माणसाला कमी त्रास होतो, पण मांजराला ती जास्त बाधतात. मांजर थरथरतं, झटके येतात. मासे आणि पाखरंही या औषधांना लवकर बळी पडतात. फवारणीच्या दिवशी जनावरं दुसरीकडे बांधावीत, पाण्याची भांडी आणि वैरण झाकावी. फरशी पूर्ण वाळल्याशिवाय आणि दारं-खिडक्या उघडून हवा खेळवल्याशिवाय जनावर आत घेऊ नये. स्वयंपाकघरातल्या झुरळांना फवारणीपेक्षा जेलचे ठिपके बरे पडतात, ते बिजागरीच्या मागे, फटीत लावता येतात.

खर्च कुणी करायचा?

कायद्यात "उंदीर मालकाचे, झुरळं भाडेकरूची" असं कुठंही लिहिलेलं नाही. कायदा दुरुस्तीबद्दल बोलतो. त्यावरून साधा हिशोब असा निघतो : घराच्या बांधणीमुळे जो त्रास होतो तो मालकाचा, राहण्याच्या सवयीमुळे जो होतो तो भाडेकरूचा. दाराच्या चौकटीला आणि माळवदाच्या लाकडाला लागलेली वाळवी, भिंतीतली बिळं, फुटलेलं गटार ही मालकाची कामं. चार दिवस साठवलेला कचरा, उघडं खरकटं, स्वतःच्या कुत्र्यामुळे झालेले गोचीड, हे भाडेकरूच्या खात्यात.

कुठला कायदा लागू, हे गावावर अवलंबून असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा त्याच्या अनुसूचीत नावं असलेल्या भागांना लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. भाडेकरूने नोटीस दिल्यावर १५ दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षाला जेवढं भाडं होतं त्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. म्हणजे महिना २,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे २४,००० होतात आणि जास्तीत जास्त ६,००० रुपये वळते करता येतात.

अनुसूचीत नाव नसलेल्या गावांत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ बघितलं जातं. मालकाने जी दुरुस्ती करणं बंधनकारक आहे ती त्याने सांगूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने करून खर्च भाड्यातून कापायची सोय त्यातही आहे.

ज्यांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे, त्यांनी मात्र स्वतःहून भाडं कापू नये. त्यांचा आधार म्हणजे करारात लिहिलेली अट. आणि कुणीही असो, रागाच्या भरात सगळंच भाडं थांबवू नये. मालकाला खोली खाली करून मागायला तेच एक कारण पुरतं.

मालक न सांगता खोलीत येऊ शकतो का?

नाही. घर त्याचं असलं तरी ताबा भाडेकरूचा असतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ प्रमाणे मालकाला खोली तपासता येते, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. १८८२ च्या कायद्यातही वाजवी वेळी पाहणी करू देणं ही भाडेकरूची जबाबदारी आहे. म्हणजे दोन्ही बाजू आल्या. मालकाने दुसऱ्या किल्लीने कुलूप काढून औषध मारायचं नाही. भाडेकरूनेही "आमचं मांजर आहे, आम्ही फवारू देणार नाही" म्हणून महिनोन्‌महिने अडवायचं नाही, कारण त्याच्या खोलीतले ढेकूण शेजारच्या खोलीत जातात.

वरच्या उदाहरणात मालक स्वतःच्याच धान्याच्या खोलीत गोळ्या ठेवतोय. तिथे त्याला कुणाची परवानगी लागत नाही असं वाटेल. पण विषारी पदार्थ हयगयीने वापरून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८६ खाली गुन्हा होऊ शकतो. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

जनावर पाळलं म्हणून खोली खाली करायला लावता येते का?

करारात जनावर ठेवायचं नाही असं स्पष्ट लिहिलं असेल आणि भाडेकरूने सही केली असेल, तर ती अट पाळावी लागते. म्हणून शेळी, कुत्रं, कोंबड्या जे काही असेल ते खोली घेतानाच सांगावं. लपवून आणलेलं जनावर पुढे भांडणाचं मूळ होतं.

अट नसेल तर फक्त जनावर आहे म्हणून मालक सामान बाहेर फेकू शकत नाही. शेजाऱ्यांना खरोखर उपद्रव होत असेल तर तो न्यायालयात दावा करू शकतो, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये ते कारण दिलेलं आहे. पण निर्णय न्यायालय देणार, मालक नाही. लाईट तोडणं, पाणी बंद करणं हे त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे चालत नाही.

आणि राग म्हणून जनावराला मुद्दाम विष घालणं हा तर गंभीर गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावर मारणं, त्याला विष देणं किंवा लुळं करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथे हेतू सिद्ध व्हावा लागतो. मालकाला जनावर अंगणात फिरतं हे माहीत होतं का, भाडेकरूने आधी लेखी कळवलं होतं का, हे प्रश्न तिथे विचारले जातात. त्यामुळे कळवल्याचा पुरावा दोघांनाही लागतो. भाडेकरूला हक्क सांगायला आणि मालकाला स्वतःला वाचवायला.

जनावराला बाधा झाली तर

सगळ्यात आधी भांडण बाजूला ठेवा आणि पुढची कामं करा :

१. जनावर मोकळ्या हवेत आणा. उरलेलं पीठ, वडी, वैरण लगेच दूर करा.

२. औषधाचा डबा, पुडा किंवा त्याचा फोटो सोबत घ्या. नाव कळलं तर डॉक्टरला निम्मं काम सोपं होतं. मालकानेही लाज किंवा भीती न बाळगता नाव सांगावं. लपवल्याने जनावरही जातं आणि संशयही पक्का होतो.

३. मिठाचं पाणी पाजू नका, दूध-तेल घालू नका, घशात बोटं घालू नका. काही विषांत याने त्रास वाढतो, आणि बेशुद्ध जनावराच्या फुप्फुसात पाणी जातं.

४. अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवा.

५. तोंडाला लाळ, थरथर, बाहुल्या बारीक होणं ही लक्षणं शेतातल्या फॉस्फरसवर्गीय औषधांची असू शकतात. त्यावर ॲट्रोपीनचं इंजेक्शन असतं, पण ते पशुवैद्यकानेच द्यायचं.

६. जनावर मेलं तर घाईने पुरू नका. सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. त्या कागदाशिवाय पुढे काहीच सिद्ध होत नाही.

खोलीतल्या माणसालाही मळमळ, चक्कर असेल तर जनावराचं नंतर बघा. सगळे बाहेर पडा आणि १०८ ला फोन करा.

तक्रार कुठे?

पैसे घेऊन पेस्ट कंट्रोल करणाऱ्याकडे कृषी विभागाचा परवाना हवा. त्याची प्रत मागावी आणि बिलावर औषधाचं नाव लिहून घ्यावं. त्याने हयगय केली तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी लागत नाही. बंदी असलेलं औषध दुकानात विकलं जात असेल तर तालुका किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला कळवावं.

मुद्दाम विष घातल्याचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. भाडं, दुरुस्ती, ताबा ही भांडणं दिवाणी आहेत, ती पोलीस मिटवत नाहीत. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील मोफत मिळतो. तडजोडीने मिटण्यासारखं असेल तर लोकअदालतीतही ठेवता येतं.

करारात या पाच ओळी घाला

घर भाड्याने देताना लेखी करार करून तो नोंदवणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाईन होते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळं. त्या करारात पुढच्या ओळी टाकाव्यात :

१. भाडेकरूकडे अमुक इतकी जनावरं आहेत, मालकाला हे मान्य आहे.

२. कोणतंही कीटकनाशक किंवा उंदीर-औषध टाकायच्या किमान दोन दिवस आधी एकमेकांना लेखी किंवा मेसेजने कळवायचं, औषधाचं नाव आणि जागा सांगायची.

३. धान्यातल्या वायूच्या गोळ्या राहत्या घरात किंवा शेजारच्या खोलीत वापरायच्या नाहीत.

४. वाळवी, बिळं, गटार यांचा खर्च मालकाचा. जनावरामुळे झालेल्या गोचीड-पिसवांचा खर्च भाडेकरूचा.

५. फवारणीच्या दिवशी जनावरं हलवायची जबाबदारी भाडेकरूची, तेवढा वेळ जागा द्यायची जबाबदारी मालकाची.

दोन दिवसांची मुदत कायद्यात दिलेली नाही, ती आपसात ठरवायची आहे. करार जुना असेल तरी अडत नाही. साधा मेसेज चालतो, आणि तो पुसून टाकू नये. नमुना असा :

"दादा, परवा शनिवारी सकाळी १० वाजता अंगणाच्या उत्तर बाजूला उंदराच्या ब्रोमाडायोलोन वड्या पेटीत ठेवणार आहे. शेळ्या आणि मांजर तिकडे येऊ देऊ नका. सोमवारी उरलेल्या वड्या काढून घेईन. वाचल्यावर कळवा."

भाडेकरूने उत्तरात एवढंच लिहावं : "मेसेज मिळाला. शेळ्या दोन दिवस मागच्या बाजूला बांधतो. वडीच्या पुड्याचा फोटो पाठवा."

या दोन मेसेजला दोन मिनिटं लागतात. मालकाचे उंदीर मरतात, भाडेकरूची शेळी वाचते आणि पुढच्या महिन्याचं भाडंही वेळेवर येतं.

फोनमध्ये सेव्ह करून ठेवा

जनावरांसाठी फिरता पशुवैद्यकीय दवाखाना : १९६२
रुग्णवाहिका : १०८
पोलीस : ११२
विषबाधेची माहिती, एम्स दिल्ली : १८०० ११६ ११७
मोफत कायदेशीर मदत : १५१००